‘नुमा नुमा’मधला ‘नु’

प्रश्न असा आहे: ‘इंटरनेटवर गाजलेल्या त्या जुन्या गाण्यातलं “नुमा नुमा ये” म्हणजे काय? नुमा हे मुलीचं नाव का?’

नाव नाही. ‘नुमा’ असा शब्दच त्या गाण्यात नाही. तिथे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला पहिला नकार आहे.

गाणं रोमानियन भाषेतलं, ‘द्रागोस्तेआ दिन तेय’. साल २००३. गाणारं रोमानियाशेजारच्या मोल्दोव्हा देशातलं ओ-झोन हे त्रिकूट आणि रचणारा त्यांच्यातलाच डान बालान. २००४ मध्ये ते जर्मनीत आणि फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यू जर्सीच्या गॅरी ब्रोल्स्माने वेबकॅमसमोर खुर्चीत बसून, हात उडवत, त्या गाण्यावर ओठ हलवले आणि ती चित्रफीत जगभर फिरली. तेव्हा यूट्यूब सुरूही झालं नव्हतं. ‘नुमा नुमा’ हे नाव त्या चित्रफितीमुळे रूढ झालं.

मूळ शब्द असे आहेत: ‘नु म, नु म येय’. ‘नु’ म्हणजे नाही, ‘म’ म्हणजे मला, ‘येय’ म्हणजे (तू) घेतोस, सोबत नेतोस. त्या ‘म’मधला स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. रोमन लिपीत त्यासाठी ‘ए’ अक्षरावर छोटी खूण असते; ती गळाली की वाचणारा ‘मा’ म्हणतो. देवनागरीत नुसता ‘म’ लिहिला की काम भागतं. राहिला पदच्छेद. कुणी ‘नको मला, नको मला’ ऐकून ‘नकोमला’ नावाची कोणी असेल असं धरावं, तसं इथे झालं. जपानी कानांनी याच ओळीचं ‘नोमा नोमा’ केलं. तिकडे ‘नोमु’ म्हणजे पिणं, म्हणून जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये ते चक्क पिण्याचं गाणं झालं. अशा ऐकण्याला जपानीत ‘सोरामिमी’ म्हणतात.

हे तिन्ही शब्द आपल्याला परके नाहीत. ‘नु’ लॅटिन ‘नोन’मधून आला, आणि त्याच्या मुळाशी जो ‘न’ आहे तोच संस्कृतात आणि आपल्या ‘नाही’त आहे. ‘म’ लॅटिन ‘मे’चा वंशज, संस्कृतात ‘माम्’साठी येणारा आखूड ‘मा’ त्याचा सख्खा नातलग. ‘येय’चं क्रियापद उचलणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलं. ते ‘हलका’ या अर्थाच्या शब्दावरून बनलंय आणि तो शब्द आपल्या ‘लघु’च्या कुळातला. तीन शब्दांच्या त्या ओळीत इतकी ओळखीची माणसं भेटतात, याचा मला फार आनंद होतो.

शीर्षकाचं भाषांतर मात्र अवघड आहे. ‘द्रागोस्ते’ म्हणजे प्रेम (शब्द स्लाव्ह मुळाचा), शेवटचा ‘आ’ हे ‘ते अमुक’ असं दाखवणारं उपपद, ‘दिन’ म्हणजे -तलं, आणि ‘तेय’ म्हणजे लिंडेनची, म्हणजे युरोपातल्या एका सुगंधी फुलांच्या वृक्षाची झाडं. लिंडेनमधलं प्रेम! रोमानियन वाचकाला ‘तेय’ म्हटलं की ज्याच्या कवितांत हे झाड येतं तो त्यांचा कवी एमिनेस्कू आठवतो. रोमानियातल्या याश शहरातल्या बागेत ‘एमिनेस्कूचं लिंडेन’ म्हणून एक जुनं झाड आजही दाखवतात. प्रेमाचा सुगंध त्या झाडाच्या नावातच आहे. आपल्याकडे पारिजातकाच्या नावात असतो तसा.

गाणारा स्वतःला ‘हायदुक’ म्हणवतो. बाल्कन प्रदेशात ओटोमन (तुर्की) सत्तेला न जुमानणारे, लोकगीतांत शूर ठरलेले लुटारू ते हायदुक. ‘दरोडेखोर’ इथे उणा पडतो. जुन्या मराठीतला ‘बंडकरी’ जवळचा वाटतो. आणि हा बंडकरी सांगतो, मी तुला ‘बीप दिला’. म्हणजे एक रिंग देऊन फोन ठेवला, पैसे न खर्चता. मराठीत याला सरळ ‘मिस्ड कॉल दिला’ म्हणावं. क्रियापदही तेच, देणं.

सुरुवातीचं ‘मा-या-ही, मा-या-हू’ मात्र निव्वळ नाद आहे, त्यात अर्थ शोधू नये.

आता पूर्ण ओळ मराठीत: ‘तुला जायचंय, पण मला, मला नेत नाहीस.’ रोमानियन ओळीत ‘तू’ पुरुष की स्त्री हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत होकारार्थी बोललो तर ‘नेतोस’ की ‘नेतेस’ हे ठरवावंच लागतं. वर अर्थ देताना मलाही एक निवडावं लागलं. ‘नेत नाहीस’मध्ये ती अट सुटते, आणि ती सोडवतो तो ऐकणाऱ्यांनी ‘नुमा’त विरघळवून टाकलेला नकार.