शॉर्टवेव्हचं सामाईक केंद्र : पैसा कुणाचा, वेळ कुणाची?

प्रश्न : आमचे वडील अजून गच्चीवरच्या कपड्यांच्या तारेला रेडिओची एरियल जोडून शॉर्टवेव्ह ऐकतात. दोन-तीन देशांच्या रेडिओ संस्थांनी मिळून परदेशात नवं रिले केंद्र (म्हणजे आपले कार्यक्रम तिथून पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र) काढलं, तर खर्च आणि वेळ कशी वाटून घेतात? आज हे परवडेल का? – एक वाचक, पलूस

उत्तर : वळवाचं आभाळ भरून आलं की ती जोडणी आधी सोडवायला सांगा. रेडिओ आणि वाळत घातलेलं धोतर यातला फरक विजेला कळत नाही.

शॉर्टवेव्हची रेडिओलहर वातावरणात फार उंचावर असलेल्या, विद्युतभारित कणांच्या (आयनांच्या) थरावर आपटून खाली येते. एका उडीत फार तर तीन-चार हजार किलोमीटर. जर्मनीहून सांगलीला यायला दोन उड्या लागतात आणि दर उडीला आवाज पडतो. म्हणून तर डॉइचे वेले या जर्मन नभोवाणीनं श्रीलंकेत त्रिंकोमालीला केंद्र टाकलं होतं. तिथून आपण एका उडीवर.

आता पैसा. प्रक्षेपणाचं यंत्र, म्हणजे ट्रान्समीटर, एकदाच घ्यायचं असतं, त्याची वाटणी कागदावर पटकन होते. न्यूझीलंड सरकारनं 2022 साली पॅसिफिक बेटांसाठीच्या नव्या ट्रान्समीटरला 44 लाख न्यूझीलंड डॉलर मंजूर केले. तेही जागा आधीची होती म्हणून. खरी मेख विजेच्या बिलात आहे. 250 किलोवॅट ताकदीनं प्रक्षेपण करणारं एक यंत्र ढोबळमानानं तासाला चारशे युनिट खातं. रोज दहा तास चालवा, युनिटला आठ रुपये धरा, महिन्याचे साडेनऊ लाख झाले. पगार, डिझेल, अँटेनाच्या तारा वेगळ्याच. म्हणून बांधणीचा खर्च निम्मा-निम्मा चालेल, पण वीज ज्यानं जितके तास वापरली त्यानंच भरावी. ‘सगळंच समान’ असा करार केला की दुसऱ्याच वर्षी कुरबूर सुरू.

भांडण होतं ते संध्याकाळवरून. ऐकणाऱ्याच्या घरी सात ते दहा वाजलेले असतात, ते तास सगळ्यांनाच हवेत. भागीदारांची भाषा आणि श्रोत्यांचा प्रदेश वेगवेगळा असेल तर निभतं. बीबीसी आणि डॉइचे वेले यांनी कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर सामाईक कंपनी काढून 1976 पासून असं केंद्र चालवलं. ते 2005 साली बंद झालं, पण इतकी वर्षं टिकली ही भागीदारी.

दुसरी रीत मला जास्त आवडते, आपल्याकडच्या पैऱ्यासारखी, म्हणजे शेतकरी आळीपाळीनं एकमेकांच्या शेतावर राबतात तशी. कॅनडानं आपल्या सॅकव्हिल केंद्रावरचे तास जपानच्या एनएचकेसारख्या संस्थांना द्यायचे आणि बदल्यात त्यांच्या केंद्रांवरून आपले कार्यक्रम सोडायचे. तासाला तास, रोकड जवळजवळ नाहीच. सॅकव्हिल 2012 साली बंद पडलं ते सरकारी पैशाच्या कात्रीमुळे.

यजमान देश मात्र लोक विसरतात. जमीन त्याची, परवाना त्याचा. केंद्र गुंडाळताना मनोरे कुणाचे, कामगारांचं काय, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. डॉइचे वेलेनं त्रिंकोमालीचं केंद्र पुढं श्रीलंकेच्या नभोवाणीच्या हाती दिलं.

आणि परवडण्याचं म्हणाल, तर मी नवा मनोरा उभारायला आज कुणालाच सांगणार नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी 2020 अखेर थांबलं, यावरून वारं कुठलं आहे ते कळतं. मादागास्करसारख्या ठिकाणी उभी केंद्रं तास भाड्यानं देतात. आधी वर्षभर तिथले दोन तास घ्यावेत, श्रोते खरंच आहेत का पाहावं, मग भागीदार शोधावा.