अपघातानंतर घरच्यांचा नंबर कसा सापडेल?

प्रश्न : माझा मुलगा साताऱ्याहून शिरवळच्या कारखान्यात दुचाकीने जातो आणि रात्रपाळी असली की पहाटे परततो. त्याच्या एका सहकाऱ्याला महामार्गावर अपघात झाला. लोकांनी त्याला रुग्णालयात पोहोचवले, परंतु फोनला लॉक असल्यामुळे घरी कळायला सकाळ उजाडली. मी मुलाला लॉक काढायला सांगते, तो ऐकत नाही. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली काळजी योग्य आहे, मात्र लॉक काढण्याचा आग्रह धरू नये. बँकेचे व्यवहार फोनवरून होत असताना तो उघडा ठेवणे धोक्याचे आहे आणि त्याची गरजही नाही.

२००५ साली बॉब ब्रॉची या ब्रिटिश रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने जवळच्या नातलगाचा नंबर ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’, म्हणजे आणीबाणीच्या प्रसंगी) या नावाने फोनमध्ये साठवण्याची कल्पना मांडली आणि त्याच वर्षीच्या लंडनमधील बॉम्बस्फोटांनंतर ती जगभर पसरली. आता बहुतेक फोन लॉक असतात, त्यामुळे नुसता असा नंबर साठवून भागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या विभागात आणि आयफोनच्या हेल्थ ॲपमधील ‘मेडिकल आयडी’मध्ये नातलगांचे नंबर व आजारांची माहिती भरता येते, आणि ती लॉक असतानाही दिसावी असा पर्याय तेथेच निवडता येतो. मग लॉकच्या पडद्यावरील ‘इमर्जन्सी’ला स्पर्श करून ती कोणालाही पाहता येते. माहिती भरल्यावर लॉक केलेला फोन शेजाऱ्याच्या हाती देऊन त्याला ती सापडते का, हे अवश्य पाहावे, कारण फोनच्या प्रत्येक कंपनीची मांडणी थोडी वेगळी असते.

तरीही फोन फुटतो, दूर फेकला जातो किंवा बंद पडतो. म्हणून पाकिटात लायसन्सच्या मागे लॅमिनेट केलेली एक चिठ्ठी असावी. तिच्यावर नाव आणि नात्यासह दोन नंबर लिहावेत. त्यांतला एक घराबाहेरच्या व्यक्तीचा असावा, कारण नवरा-बायको पुष्कळदा एकाच गाडीवर असतात. लोक रक्तगट आवर्जून लिहितात. त्याला हरकत नाही, पण रक्त चढवण्यापूर्वी रुग्णालय तो स्वतः तपासतेच. डॉक्टरांच्या खरोखर उपयोगी पडते ते मधुमेह, फिट्स, पेसमेकर, एखाद्या औषधाची ॲलर्जी आणि विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याची नोंद. कर्नाटकात वगैरे जाणाऱ्यांनी हा मजकूर इंग्रजीतही लिहावा. आधार क्रमांक मात्र त्यावर नको.

ज्यांचे नंबर दिले आहेत त्यांना तसे सांगून ठेवणे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि नेमके तेच राहून जाते. नको असलेल्या कॉल्सना कंटाळून अनेकजण अनोळखी नंबर उचलत नाहीत; मुलगा रात्रपाळीला असताना आपण तो उचलायलाच हवा. मात्र अपघाताची खोटी बातमी देऊन पैसे उकळणारेही असतात. म्हणून रुग्णालयाचे नाव विचारून घ्यावे, तेथील नंबर आपण स्वतः शोधून खात्री करावी आणि फोनवरच्या सांगण्यावरून पैसे पाठवू नयेत.

नातलग येईपर्यंत उपचार थांबतील ही भीती बाळगू नये. जखमीला आधी उपचार मिळाले पाहिजेत, पोलिसी सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. मदत करणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४अ चे संरक्षण आहे आणि त्याच्यावर स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे आपल्या मुलाच्या सहकाऱ्यांनाही सांगावे, म्हणजे १०८ किंवा ११२ ला फोन केल्यावर जखमीच्या घरी कळवायलाही ते कचरणार नाहीत.