हजारावी पौर्णिमा नेमकी कोणती?

प्रश्न : आमच्या आजीचा जन्म १४ जानेवारी १९४६ चा, ऐन संक्रांतीचा. तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं आहे. गुरुजी ८० वर्षं ८ महिने धरतात, काकांच्या हिशेबाने ८३ वर्षं ४ महिने येतात. शिवाय आजोबा हयात नाहीत, म्हणून हा सोहळा करता येत नाही असं आत्या म्हणते. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काकांनी हजाराला बाराने भागलं, तिथे गफलत झाली. वर्षाला बाराच पौर्णिमा धरल्या की अधिक मास सुटतात. १९ वर्षांत ७ अधिक मास येतात. ८० वर्षांत ते २९ किंवा ३० होतात, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांच्या पौर्णिमा हिशेबातून गळल्या.

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०६ दिवस जातात. पहिली ते हजारावी यांत ९९९ अंतरं पडतात, म्हणजे २९,५०१ दिवस, अर्थात ८० वर्षं आणि वर सुमारे २८१ दिवस. मोजणी जन्मतारखेपासून नको, जन्मानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपासून करा. आजींची पहिली पौर्णिमा १७ जानेवारी १९४६ ची, पौषातली. हजारावी येते २०२६ च्या कोजागिरीला, २५ ऑक्टोबरच्या रात्री! ८० वर्षं ८ महिन्यांचा प्रघात जुना आहे, त्यात दोष नाही. पण त्या दिवशी आजींच्या दोन पौर्णिमा कमी भरतात. एवढा सुंदर योग असताना थोडं थांबावं असं आम्हाला वाटतं.

आत्याबाईंना एवढंच सांगा, की या हजारांतली एकही पौर्णिमा आजोबांच्या नावावर मोजलेली नाही. सगळ्या आजींनी स्वतः पाहिलेल्या आहेत. नवरा गेला म्हणून बाईचं वय साजरं करायचं नाही, हा विचार आम्हाला अजिबात मान्य नाही. तुमचे गुरुजी शांतिकर्माला तयार नसतील तर ते आधीच विचारून घ्या, आयत्या वेळी आजींच्या कानावर असलं बोलणं जाता कामा नये. औक्षण, ग्रंथतुला आणि दान घरच्यांना करता येतं.

औक्षणाला ८१ दिवे करायचे तर पाऊण किलो कणीक लागते. घट्ट भिजवा, मोठ्या सुपारीएवढे गोळे करून खळगा पाडा आणि दहा-बारा मिनिटं वाफवा. कच्चे दिवे तेल पितात आणि ताटातच बसतात. सगळे एका ताटात लावू नका, धग सोसत नाही आणि ताट उचलताना हात भाजतो. वीस-वीस दिव्यांची चार ताटं आणि एक निरांजन, असं वाटून घ्या. पदर नि ओढण्या खोचलेल्या असाव्यात. आजींना पाटावर नको, पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवा आणि त्यांचा भाग अर्ध्या तासात आटपा.

प्रश्न : मुलगा ओसाकाला असतो, सून जपानी. आमच्या ह्यांचा जन्म फेब्रुवारी १९६६ चा, व्याह्यांचा नोव्हेंबर १९६६ चा. तिकडेही साठीचा समारंभ असतो म्हणे. आपल्या षष्ट्यब्दीसारखाच का? भेट काय न्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळातली कल्पना एकच, चक्र पुरं होऊन माणूस पुन्हा आरंभाला येतो. आपल्याकडे साठ संवत्सरं फिरतात. यजमानांचा जन्म पाडव्याच्या आधीचा, म्हणून शके १८८७, विश्वावसू संवत्सर. तेच नाव शके १९४७ ला परत आलं. इथे पुष्कळ जण चुकतात, इसवी सन पाहून पुढचं संवत्सर धरतात. तिकडचं चक्र चीनमधून आलेलं, दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्यांचं. दहा आणि बारा यांचा लसावि साठ, म्हणून तीच जोडी साठ वर्षांनी जुळते. या समारंभाला कानरेकी म्हणतात, म्हणजे पंचांग फिरून येणं. साठीच्या माणसाला लाल टोपी आणि बिनबाह्यांची लाल बंडी घालतात, कारण लाल हा तान्ह्या बाळाचा रंग. तान्ह्या बाळाला जपानीत ‘आकाचान’ म्हणतात आणि ‘आका’ म्हणजे लाल.

१९६६ हे तिथलं ‘अग्नि-अश्व’ वर्ष. त्या वर्षीची मुलगी नवऱ्याला जड जाते असा समज, आपल्याकडच्या मूळ नक्षत्रासारखा. त्यापायी १९६५ मध्ये सुमारे १८ लाख २० हजार असलेले जन्म १९६६ मध्ये १३ लाख ६० हजारांवर आले. विहीणबाई त्याच वर्षीच्या असतील तर हा विषय काढू नका.

भेट म्हणून लाल काठाचं उपरणं किंवा शाल छान दिसेल. कंगवा नको, ‘कुशी’ या शब्दात दुःख आणि मृत्यू यांचे उच्चार येतात. थोरांना पायताण देत नाहीत. चार किंवा नऊ नगांचा संचही टाळा. वेष्टनाला तांबडी-पांढरी दोरी बांधतात, तिला सहज सुटणारी फुलपाखरी गाठ हवी. लग्नात सुटू नये अशी घट्ट गाठ मारतात, कारण तो प्रसंग पुन्हा येऊ नये. वाढदिवस मात्र पुन्हा पुन्हा यावा.

प्रश्न : भीमरथी शांत सत्तरीला की सत्याहत्तरीला?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोन्ही परंपरा आहेत. सत्याहत्तरीची घेतलीत तर मूळ वचनात ७७ वं वर्ष, सातवा महिना, सातवी रात्र असं आहे. ७७ वं म्हणजे चालू वर्ष, पुरी झालेली ७६. पत्रिकेत ‘७७ वर्षं ७ महिने ७ दिवस’ छापतात तेव्हा एक वर्ष उशीर होतो.