चित्र बिघडलं तरी पान फाडू नका

"वही उघडली की हात आखडतो. काढलेलं आवडत नाही, मग पान फाडते. मन मोकळं व्हावं म्हणून वही घेतली आणि आता तिचाच ताण यायला लागलाय." समुपदेशनासाठी आलेल्या चौतिशीतल्या एका बाईंचं हे म्हणणं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ही तक्रार थोड्याफार फरकानं अनेकांची असते आणि तिच्यामागोमाग प्रश्न येतोच: मला चित्रकला येत नाही, तर स्केचबुकचा मला काय उपयोग?

पुढच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. जाड कागदाची, कापडी बांधणीची देखणी वही. सुरुवातीची सगळी पानं फाडलेली. शिवणीच्या वहीत एक ताव मधोमध दुमडून दोन पानं होतात. त्यातलं एक फाडलं की जोडपान सैल होतं. त्यामुळे पुढची कोरी पानंही निसटून हातात येत होती. "निदान पहिलं पान तरी चांगलं हवं," त्या म्हणाल्या. अडचण नेमकी इथे होती. प्रत्येक पान कुणीतरी तपासणार, असं धरूनच त्या पेन उचलत होत्या.

अशा माणसाला "मनात येईल ते काढा" असं सांगणं उलट अंगाशी येतं. काय काढायचं, कसं, किती वेळ, हे सगळंच मोकळं सोडलं की प्रत्येक निर्णयावर मनातला परीक्षक बोट ठेवतो. म्हणून आधी निर्णय कमी केले. ए-5 आकाराची साधी शिवलेली वही घ्यायची. स्पायरल नको, कारण तिच्यातून पान सहज निघतं. कागद 100 ते 120 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). पातळ कागदावर शाई मागे उमटते आणि उंची कागद असला की तो वाया जाण्याची धास्ती वाटते. एकच काळं बॉलपेन. खोडरबर बंद, कारण तो हाताशी असला की रेघ काढण्यापेक्षा ती दुरुस्त करण्यातच वेळ जातो. पहिल्या पानावर पेन चालतं का ते गिरगटून पाहायचं. म्हणजे 'पहिलं पान' हा प्रश्नच संपतो. आणि नकोसं झालेलं पान तारीख टाकून उलटायचं, फाडायचं नाही.

वेळ रोज दहा मिनिटं, गजर लावून. पहिली दोन मिनिटं डोळे मिटून गिरगोट. पुढची पाच मिनिटं समोरच्या एका वस्तूची बाह्यरेषा, कागदाकडे न पाहता. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकवायची, पेन तितक्याच सावकाश चालवायचं, उचलायचं नाही. आकार वेडावाकडा येणारच. कागदच दिसत नसल्यानं हात चूक सुधारू शकत नाही आणि 'हुबेहूब आलं का' ही कसोटी आपोआप गळून पडते. उरलेल्या तीन मिनिटांत त्या दिवसाचा मूड नुसत्या रेघांनी उतरवायचा आणि शेजारी एक वाक्य लिहायचं.

पहिल्या आठवड्यात बाह्यरेषा अर्ध्या मिनिटात उरकत होती, कारण नजर चोरून कागदावर जात होती. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून पेन घातलं, तेव्हा हात झाकला गेला आणि गती उतरली. नंतरची अडचण जास्त अवघड होती. घरच्यांनी वही पाहून "वा, छान!" म्हटलं आणि पुढची पानं एकदम नीटनेटकी झाली. मूडच्या रेघांच्या जागी फुलं आली. टीकेइतकंच कौतुकही परीक्षकाला परत आणतं. त्यानंतर महिनाभर वही कुणाला दाखवायची नाही, फोटोही काढायचा नाही, असं ठरलं.

"पण चित्रकला येणाऱ्यांनाच याचा फायदा होत असेल ना?" या शंकेवर एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो 2016 साली प्रसिद्ध केला. 39 प्रौढांनी 45 मिनिटं मनाला येईल तशी कलाकृती केली. त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक सुमारे 75 टक्के जणांत कमी झालं. पूर्वी कलेचा अनुभव असण्या-नसण्यानं ठळक फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. पण या शंकेपुरता तो बोलका आहे.

काही दिवसांनी एका पानावर उजव्या कोपऱ्यात पेन इतकं दाबलं गेलं होतं की पान उलटून बोट फिरवलं तरी रेघा लागत होत्या. अशा पानाचा अर्थ समुपदेशकानं लावू नये. काळा रंग म्हणजे नैराश्य, असली कोष्टकं तर मुळीच वापरू नयेत. "इथे हात जड का झाला असेल?" एवढंच विचारलं. थोडा वेळ थांबून त्या कामावरच्या एका अपमानाबद्दल बोलल्या. तोवर तो विषय एकदाही निघाला नव्हता.

एक सावधगिरी मात्र हवी. रेखाटताना जुना आघात पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि लगेच समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जाताना ते पान सोबत न्या. जे सांगायला शब्द सापडत नाहीत, ते तिथून दाखवता येतं.