एक 'शकणे' आणि इंग्रजीतली चार क्रियापदे

एका वाचकाने विचारले आहे : "'धावत गेलो म्हणून काल शेवटची लोकल पकडू शकलो' हे मी इंग्रजीत 'आय रॅन, सो आय कुड कॅच द लास्ट लोकल' असे लिहिले आणि ते चूक ठरले. 'शकतो' म्हणजे 'कॅन' आणि 'शकलो' म्हणजे 'कुड' असेच आम्ही शाळेत शिकलो. मग चूक कोठे झाली? आणि 'मे', 'माइट' नेमके कधी वापरायचे?"

या घोळाचे मूळ आपल्या 'शकणे' या क्रियापदात आहे. 'तो उद्या येऊ शकतो' हे वाक्य पाहा. त्याला उद्या सवड आहे, त्याने यायला आमची हरकत नाही, किंवा तो कदाचित येईलही, असे तीन अर्थ त्यातून निघतात. इंग्रजीत पहिल्या अर्थी 'ही कॅन कम' म्हणतात, दुसऱ्या अर्थी 'कॅन' किंवा जरा औपचारिक 'मे', आणि तिसऱ्या अर्थी 'मे' किंवा 'माइट'. म्हणून माझा उपाय असा, की इंग्रजीकडे वळण्यापूर्वी तेच वाक्य 'शकणे' टाळून मराठीतच पुन्हा म्हणून पाहावे. 'जमेल', 'चालेल' आणि 'येईलही' यांपैकी काय म्हणायचे आहे हे ठरले, की इंग्रजी शब्द बहुधा आपोआप सापडतो.

क्षमतेच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. 'मला पोहता येते' यात शिकलेली कला आहे. 'खांदा बरा झाला, आता मी पोहू शकतो' यात अडथळा दूर झाल्याची सूचना आहे. 'आजोबांना आता जिना चढवत नाही' यातले 'चढवणे' हे तर शक्य क्रियापद असून त्यात अंगातली ताकद ओसरल्याचे कळते. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी 'कॅन'वर भागवते. गंमत अशी की 'कॅन'चा मूळ अर्थ 'जाणणे' असा होता आणि आपल्या 'ज्ञा' धातूशी त्याचे दूरचे नाते आहे, म्हणजे तो मुळात 'येणे'च्या जवळचा. उलट 'मे'चा मूळ अर्थ 'बळ असणे'. नाम म्हणून 'माइट'चा अर्थ आजही सामर्थ्य असाच होतो, पण क्रियापद म्हणून तो चौघांत सर्वांत डळमळीत.

परवानगी मागताना मराठी माणूस 'मी आत येऊ का?' असे विचारतो. 'मी आत येऊ शकतो का?' हे अलीकडे फार ऐकू येते, पण माझ्या कानाला ते अनुवादाचेच वाटते. 'मे आय कम इन?' हे शाळेतून घोटवले गेल्यामुळे 'कॅन आय' म्हणजे उद्धटपणा अशी आपली समजूत झाली आहे, ती आता सोडून द्यावी, कारण रोजच्या बोलण्यात इंग्रज 'कॅन'च वापरतात. 'कुड आय' हे त्याहून नम्र असते आणि त्याचा भूतकाळाशी काही संबंध नसतो. मात्र ही नम्रता मागणाऱ्याची असते. 'कुड आय यूज युअर फोन?' याला 'यस, यू कुड' असे उत्तर देत नाहीत, 'यू कॅन' असे देतात.

शक्यतेत खरी मेख आहे. 'ऑक्टोबरात मुंबईत फार उकडू शकते' हे नेहमीचे, सर्वसाधारण विधान असल्यामुळे तेथे 'कॅन' चालतो. 'आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो' यात एका विशिष्ट वेळेचा अंदाज आहे, म्हणून तेथे 'मे', 'माइट' किंवा 'कुड' हवा, 'इट कॅन रेन धिस ईव्हनिंग' नको. नकारात तर अर्थच पालटतो : 'ही कान्ट बी अ‍ॅट होम' म्हणजे तो घरी असणे शक्यच नाही, आणि 'ही मे नॉट बी अ‍ॅट होम' म्हणजे घरी नसेलही. घडून गेलेल्या गोष्टींबाबत मराठीतले 'असेल' आणि 'असता' उत्तम वाट दाखवतात. मुलगा घरी परतला नाही आणि काळजी वाटते, तेव्हा 'कोठे पडला असेल', म्हणजे 'मे हॅव फॉलन'. तोच मुलगा झाडावरून सुखरूप उतरून समोर उभा आहे आणि आपण त्याला रागावतो, तेव्हा 'पडला असतास ना', म्हणजे 'कुड हॅव फॉलन' किंवा 'माइट हॅव फॉलन'. येथे 'मे हॅव' वापरणारेही आढळतात, पण काळजीपूर्वक लिहिणाऱ्याने तो टाळलेला बरा.

आता लोकलकडे येऊ. भूतकाळातला 'कुड' अंगी असलेली क्षमता सांगतो : 'दहाव्या वर्षी मला विहिरीत पोहता येत असे' याला 'आय कुड स्विम' अगदी योग्य. पण एखाद्या प्रसंगी ती क्षमता वापरून काम तडीस गेले, हे होकारार्थी 'कुड' सांगत नाही. मराठी 'पकडू शकलो' म्हटले की गाडी मिळाली हे ठरलेले असते, तर 'आय कुड कॅच' ऐकताना इंग्रजी कानाला 'पकडू शकेन' असा भास होतो. त्यामुळे तेथे 'आय वॉज एबल टू कॅच' किंवा 'आय मॅनेज्ड टू कॅच' असे लिहावे लागते. पाहणे, ऐकणे यांसारख्या क्रियापदांना मात्र ही अट नाही, 'दुरून भोंगा ऐकू आला' याला 'आय कुड हिअर' चालतो. नकारालाही ती अट नाही. धावूनही ती लोकल चुकली असती, तर 'आय रॅन, बट आय कुडन्ट कॅच इट' हे आपले वाक्य बिनचूक ठरले असते.