साताऱ्यात मसाले-लोणच्यांचा छोटा व्यवसाय आहे, मार्केटिंग कन्सल्टंट कसा निवडावा?

तुम्ही दिलेले आकडे असे: महिन्याची विक्री अडीच लाख, कच्चा माल, पॅकिंग, कुरियर वजा जाता हातात ३५ टक्के, जीएसटी कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरायची योजना). एक कन्सल्टंट महिना २०,००० फी मागतोय, शिवाय जाहिरातींना १५,००० लावा म्हणतो. दुसरा म्हणतो, फी नको, विक्रीवर १० टक्के द्या.

माणूस कसा आहे ते नंतर, आधी हिशेब. पहिल्याचे ३५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६,३००. (कन्सल्टंटची नोंदणी नसेल तर फीवरचा वाचेल, जाहिरातींवरचा वाचणार नाही.) कंपोझिशनमध्ये या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून खर्च धरायचा ४१,३००. ३५ टक्के मार्जिनवर तेवढे भरून निघायला १,१८,००० ची जादा विक्री हवी. अडीच लाखांचे ३,६८,००० झाले तरी तुम्ही आज आहात तिथेच. पहिल्या एक-दोन महिन्यांत ही उडी मारून देईन असं कोणी सांगत असेल तर चहा पाजून निरोप द्या.

दुसऱ्याचे १० टक्के स्वस्त वाटतात, पण कशावर? एकूण विक्रीवर असतील तर त्याने बोटही न हलवता महिना २५,००० झाले, पहिल्याच्या फीपेक्षा जास्त. दरमहा माल उचलणारे तुमचे दुकानदार त्याने आणलेले नाहीत. टक्केवारी द्यायचीच तर फक्त नव्या गिऱ्हाइकावर, पैसे जमा झाल्यावर, आणि परत आलेली कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं वजा करून. नवं गिऱ्हाईक ओळखायला जाहिरातींसाठी वेगळा व्हॉट्सॲप नंबर ठेवा. जाहिरातीचा खर्च कोणाचा, तेही लेखी घ्या.

आता माणूस. पहिल्या भेटीत तो काय सांगतो यापेक्षा काय विचारतो ते ऐका. कोणत्या मालात मार्जिन जास्त, किती गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा घेतात, काचेची बरणी वाटेत फुटते का, दिवसाला किती पार्सलं बांधून होतात, हे विचारणारा कामाचा. मसाल्यात पहिल्या ऑर्डरचा नफा बहुधा जाहिरातच खाते, पैसा पुढच्या ऑर्डरींत असतो. ‘महिन्याला १२ रील, १५ पोस्ट’ एवढंच बोलणारा डिझायनर असेल, कन्सल्टंट नव्हे. एक सोपी परीक्षा: कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही. जीएसटीचं काहीही न विचारता बंगळूर-हैदराबादच्या जाहिरातींचा आराखडा मांडणाऱ्याने तुमचा धंदा समजूनच घेतलेला नाही.

जुन्या कामाचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका. ज्याचं काम केलं त्या ग्राहकाच्या परवानगीने जाहिरात खातं समोर उघडून दाखवायला सांगा. मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांतली खरेदी जाहिरातीच्या नावावर मांडतं. त्यात एरवीही घेणारं जुनं गिऱ्हाईक येऊ शकतं. म्हणून तुमच्याकडे दर महिन्याचा आकडा बँक आणि ऑर्डरवहीशी ताडूनच घ्यायचा. त्याचं काम सोडलेल्या एखाद्या ग्राहकालाही फोन करा, खरी माहिती तिथे मिळते. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी देणारा नको. अशी हमी कोणी देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. विकतचे रिव्ह्यूही नकोत, ते काढले जातात आणि गूगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या प्रोफाइलवर निर्बंध येऊ शकतात.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती खात्यांवरून. गूगल बिझनेस प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही, तो फक्त मॅनेजर. मेटाचं बिझनेस खातं तुमचं, त्याला पार्टनर म्हणून प्रवेश. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर. जाहिरातीचे पैसे तुमच्या कार्डवरून थेट मेटा-गूगलला, त्याच्या खात्यामार्फत नाही. पासवर्ड आणि ओटीपी कधीच नाही. एवढं केलं नाही, तर काम थांबेल त्या दिवशी रिव्ह्यू, गिऱ्हाइकांची यादी, जाहिरातींचा जुना डेटा, सगळं त्याच्याकडे राहतं. मूळ फोटो आणि व्हिडिओही दरमहा तुमच्या ड्राइव्हवर जमा करून घ्या.

माझं मत विचाराल तर, अडीच लाखांच्या विक्रीवर महिनेवारी फी परवडत नाही. दोघांपैकी जो बरा वाटेल त्याला एकरकमी काम द्या: गूगल प्रोफाइल, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, जुन्या गिऱ्हाइकांची यादी आणि त्यांना पाठवायचे मेसेज. ब्रॉडकास्ट लिस्टवरून एकदम अनेकांना पाठवलेला मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो, त्यामुळे प्रत्येक पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ची चिठ्ठी टाका. मग रोज ३०० रुपयांची जाहिरात, फक्त सातारा आणि पुण्यात, तीन महिने. करार तीनच महिन्यांचा, १५ दिवसांच्या नोटिशीने सुटता येईल असा.

निकाल मात्र मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडा. मार्च ते मे लोक वर्षाचा मसाला भरतात, तेव्हा विक्री जाहिरातीशिवायही चढते. फेब्रुवारीत सुरुवात करायचा आग्रह धरणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.