वाचकांचे प्रश्न : सही माझी, आदेश त्यांचा

प्रश्न : मी एका संस्थेच्या हिशेब विभागात नोकरी करतो. वरिष्ठ सांगतात म्हणून प्रवासखर्चाच्या फुगवलेल्या बिलांवर मी बराच काळ सह्या करीत आलो आहे. त्यातला एक पैसाही मी घेतलेला नाही. धन्याच्या आज्ञेत राहावे असे पवित्र शास्त्रच सांगते. मग या पापाचा दोष माझ्याकडे येतो काय? मी नोकरी सोडावी काय?

उत्तर : दोष तुमच्याकडे येतो, आणि वरिष्ठांचा वाटा मोठा असला म्हणून तुमचा वाटा नाहीसा होत नाही. त्या बिलावर ‘तपासून बरोबर आढळले’ असा शिक्का असतो आणि त्याखाली तुमची सही असते. म्हणजे तुम्ही नुसता कागद पुढे सरकवलेला नाही, तर तो खरा असल्याची ग्वाही दिली आहे. आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा पैसे कोणाच्या खिशात गेले हे विचारीत नाही.

आपले कृत्य दुसऱ्याच्या माथी मारण्याची खोड आदामापासूनची आहे (त्याने तर ‘तू दिलेली स्त्री’ म्हणत थोडा ठपका देवावरही ठेवला). तरी तुमच्या बाबतीत मला इस्राएलांचा पुढारी मोशे याचा भाऊ अहरोन याचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. निर्गमाच्या ३२ व्या अध्यायातील चौथे वचन सांगते की, लोकांनी दिलेले सोने घेऊन त्याने कोरणीने पूजेसाठी वासरू घडवले. त्याच अध्यायातील २४ व्या वचनात मोशेला जाब देताना मात्र तो म्हणतो की, मी सोने विस्तवात टाकले आणि हे वासरू बाहेर आले. लोकांचा दबाव होता, हे खरेच. पण हकिगतीतून कोरणी तेवढी गाळली गेली. सर्व काही नष्ट करण्याची देवाची आज्ञा असताना, शौल राजानेही लुटीतील उत्तम मेंढरे लोकांनी राखून ठेवली असे शमुवेल संदेष्ट्याला सांगितले, आणि पुढे आपण लोकांना भिऊन त्यांचे ऐकले हे कबूल केले. ती भीती खोटी नसावी, तरी तिच्यामुळे त्याचा जाब चुकला नाही.

आज्ञाधारकतेविषयी म्हणाल तर, इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात चाकरांनी धन्याचे ऐकावे ते ख्रिस्ताचे दास म्हणून, असे प्रेषित पौल सांगतो. त्यामुळे जे ख्रिस्तासमोर ठेवता येणार नाही, ते धन्याच्या हुकुमाने करता येत नाही. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे न्यायसभेपुढे सांगणाऱ्या प्रेषितांनी हीच सीमा ओळखली होती.

नोकरी सोडण्याची घाई मात्र करू नका. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला ‘आम्ही काय करावे’ असे विचारतात, तेव्हा तो त्यांना जकात नाका सोडायला सांगत नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. तुम्हीही पुढचे फुगवलेले बिल समोर आले की सही न करता, ‘मूळ पावत्या जोडून द्या, मग सही करतो’ असे शांतपणे सांगा. त्याची किंमत नोकरीने मोजावी लागण्याचा संभव आहे, हे मी लपवीत नाही. तेव्हा घरच्यांना आधीच विश्वासात घ्या.

राहिला प्रश्न झालेल्या सह्यांचा. लेवीयच्या सहाव्या अध्यायातील नियमानुसार, फसवणूक करणाऱ्याने आधी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचे नुकसान झाले त्याला द्यायचा, आणि दोषार्पणही (अपराधाबद्दलचे अर्पण) याजकाकडे आणायचे. जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट परत देण्याची तयारी दाखवली. तुम्ही पैसे घेतलेले नसल्यामुळे तुमच्याकडून भरपाई म्हणजे प्रामुख्याने संस्थेच्या जबाबदार व्यक्तीपुढे खरे सांगणे होय. त्याचे कायदेशीर परिणाम होऊ शकतात. म्हणून एखाद्या जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्या, मात्र तो सत्य कसे मांडावे यासाठी घ्या, ते दडपावे कसे यासाठी नव्हे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ वारंवार कर्ज काढतो आणि दर वेळी ते मी फेडते. या वेळी नकार दिला, तर आई म्हणते की ‘एकमेकांची ओझी वाहा’ हे तू विसरलीस. माझे चुकते आहे काय?

उत्तर : ताई, आईंनी सांगितलेले वचन गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील दुसरे आहे, त्याच अध्यायातील पाचव्या वचनात, प्रत्येकाने आपापला भार वाहिलाच पाहिजे, असेही म्हटले आहे. दोन्ही एकत्र वाचली की तुमची सीमा दिसू लागते. आजारपण, अपघात, गेलेली नोकरी ही एकट्याला न पेलणारी ओझी आहेत आणि तेथे तुम्ही हात आखडता घेऊ नये. मात्र फेडण्याचा विचारच न करता काढलेले कर्ज हा त्याचा भार आहे. तो दर वेळी तुम्ही उचललात, तर आपल्या कृत्याचे फळ त्याला कधी दिसणारच नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप दूरदेशी मुलाच्या मागोमाग पैसे पाठवीत नाही. मुलाला शेंगा खाऊन पोट भरावेसे वाटले, तरी त्याला कोणी काही दिले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तोच बाप मुलगा परतताना दिसताच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. अर्थात, भावाला बायको-मुले असतील तर त्यांच्या तोंडचा घास हिरावला जाणार नाही हे पाहा. शाळेची फी थेट शाळेत भरा, किराणा घेऊन द्या, रोख रक्कम त्याच्या हाती देऊ नका. आणि नकार रागाच्या भरात नको. हप्त्यांचा कागद घेऊन त्याच्याशेजारी बसण्याची तयारी दाखवून द्या.

प्रश्न : शास्त्रात स्पष्ट मनाई नसलेल्या गोष्टींत, उदाहरणार्थ चित्रपट पाहण्यात, सीमा कोणी ठरवावी?

उत्तर : ज्याने-त्याने, प्रभूसमोर. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा १४ वा अध्याय नेमका याविषयी आहे : एक जण सर्व काही खातो, दुसरा केवळ शाकभाजी खातो, आणि पौल दोघांनाही एकमेकांना तुच्छ लेखण्यास किंवा दोषी ठरवण्यास मनाई करतो. मनात संशय असताना केलेली गोष्ट मात्र तो पापच म्हणतो. म्हणून मन कचरत असेल तेथे पाहू नका. आणि तुमच्या पाहण्याने एखादा दुबळा बंधू आपल्या विवेकाविरुद्ध ओढला जात असेल, तर त्याच्यासोबत असताना तो बेत बाजूला ठेवा.